खरे सांगण्याची जबाबदारी कोणाची?



खोटे बोलू नये, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. पण खरे बोलण्याची जबाबदारी फक्त बोलणाऱ्याचीच असते का? ऐकणाऱ्याची काहीच नसते का? ज्या घरात किशोरवयीन मुलाला मधुमेह आहे, तिथे हा प्रश्न रोज उभा राहतो.

मुलांमध्ये बहुधा टाइप १ मधुमेह आढळतो. यात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आईवडिलांच्या चुकीनेही होत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे ज्या मधुमेही रुग्णाला इन्सुलिन प्रथम टोचले, तो १४ वर्षांचा मुलगा होता. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. आज ती शिकतात, खेळतात, संसार करतात. मात्र साखर तपासणे, इन्सुलिन घेणे, खाण्याचा हिशेब ठेवणे, या कामाला एक दिवसही सुटी नसते.

समजा, दहावीतल्या मुलाने क्लासनंतर मित्रांबरोबर वडापाव खाल्ला आणि सर्वांसमोर इंजेक्शन घ्यायला तो लाजला. घरी साखर २८० निघते. "काय खाल्लंस?" आई विचारते. ही चौकशी आहे की आरोप, हे मूल आवाजावरून ओळखते. आरोप असेल तर पुढच्या वेळी ते वहीत १४० लिहून मोकळे होते. पुढे एचबीए१सी ही मागच्या सुमारे ३ महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी होते आणि वहीचा व रक्ताचा मेळ बसत नाही. तोवर खोट्या आकड्यांवर औषधाची मात्रा ठरलेली असते.

आईचा राग ही खरे तर भीती असते. मुलाच्या डोळ्यांची, मूत्रपिंडांची, भविष्याची भीती. ती प्रेमातूनच येते. पण मुलापर्यंत पोहोचतो तो रागच. शिवाय या वयात वाढीच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. सर्व नियम पाळूनही साखर वाढू शकते. आकडा ही माहिती आहे, मुलाच्या वागण्याचा निकाल नव्हे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९).

मग मुलाला काहीच बोलायचे नाही का? तसे नव्हे. रागावणे सोपे आहे. योग्य वेळी, योग्य कारणासाठी, योग्य प्रमाणात रागावणे कठीण, असे ॲरिस्टॉटल सांगतो. "आता तू मोठा झालास, तुझं तू बघ" म्हणून अंग काढून घेणे हे दुसरे टोक. या वयातही आईवडिलांचा सहभाग लागतोच. ज्या घरात आजारावरून सतत भांडणे होतात तिथे साखर अधिक बिघडलेली आढळते, असे अभ्यासही सांगतात.

म्हणून आकडा पाहताच बोलू नये. आधी स्वतःची भीती ओळखावी. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे साखर आटोक्यात आणावी. मुलाने खरे सांगितले, तर प्रथम "बरं झालं सांगितलंस" म्हणावे. मग शांतपणे ठरवावे, की पुढच्या वेळी मित्रांबरोबर वडापाव खाताना इंजेक्शन कुठे आणि कसे घ्यायचे. याला लाड म्हणत नाहीत. चूक ही चूकच राहते, फक्त ती सुधारायला मूल एकटे राहत नाही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही लग्नाच्या पंगतीत त्या मुलाच्या ताटाकडे पाहून "बिचारा" म्हणू नये.

खरे सांगणे हे मुलाचे कर्तव्य आहेच. पण ते सांगता येईल असे घर ठेवणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे, आणि ते आधी येते.

आपला,
प्रमुख धर्मगुरू