जामीनकीची सही



सत्संग संपतो, प्रसाद हातात असतो आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "भाऊ, जामीन म्हणून एक सही हवी होती." गुरुबंधू आहे, नाही कसं म्हणायचं? यांनी अशीच सही केली. मला कळलं ते नोटीस दारात आली तेव्हा.

"सही काय, नावापुरती" म्हणतात ना, तसं नसतं. 1872 च्या भारतीय करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. बँकेने आधी कर्जदाराकडेच जावं असंही सहसा नसतं, ती थेट आपल्याकडे येऊ शकते. हक्क आहेत, पण बरेचसे पैसे भरल्यावरचे. भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागता येते, त्याच्या तारणावर आपला हक्क येतो. आपल्याला न विचारता अटी बदलल्या, तर पुढच्या व्यवहारातून आपण सुटतो. म्हणून कागदांची प्रत मागून घ्या, लाजू नका.

माझा प्रश्न मात्र वेगळा आहे. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण कीर्तनात ऐकतो. पण त्याआधी कान्होबांचा अर्धा वाटा त्यांनी काढून दिला होता. बुडवला तो फक्त स्वतःचा. आणि आपण? घरातल्या सगळ्यांच्या वाट्यावर सही करून येतो, वर त्याला परोपकार म्हणतो. लेकीच्या फीचे पैसे कुणाचे होते?

यांना मी विचारलंच. म्हणाले, "अगं, नाही म्हटलं असतं तर तो सत्संगाला यायचा बंद झाला असता."

आता तो तसाही येत नाही.