वीस मिनिटांचा न्याय

'न्याय देणं' हा शब्दप्रयोग आपण मराठीत फार सैल हाताने वापरतो. नटाने भूमिकेला न्याय दिला, गायिकेने बंदिशीला न्याय दिला, आणि भूक असेल तर पुरणपोळीलाही आपण न्याय देतोच. पण वीस मिनिटांत, जलरंगात, एका पितळी तांब्याला न्याय देता येतो का? प्रश्न चित्रकलेचा वाटतो. मला तो नीतीचाही वाटतो.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना ही कसरत ओळखीची असेल. समोर टेबलावर एक भांडं, दोन फळं, मागे चुणीदार कापड आणि भिंतीवर घड्याळ. मी आता तेच मोबाइलवर टायमर लावून करते, आठवड्यातून दोन-तीनदा. दिवस ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत जातो, त्यामुळे वेळही तेवढाच उरतो.

जलरंगाची एक जुनी अट आहे : पांढरं म्हणजे कागद. तांब्यावरची चकाकी रंगवायची नसते, सोडायची असते. ती कुठे सोडायची हे पहिल्या मिनिटातच ठरवावं लागतं. नंतर वरून पांढरा रंग थापला, तर तो थापल्यासारखाच दिसतो. फिक्याकडून गडदाकडे जायचं, आणि परतीची वाट जवळपास नाहीच. शिवाय कागदाचं स्वतःचं एक घड्याळ असतं. पावसाळ्यात रंगाचा पहिला हात वाळता वाळत नाही, मे महिन्यात ब्रश कडेला पोचायच्या आत वाळलेला असतो. अर्धवट ओल्यात ढवळत बसलं की चिखल ठरलेला.

घाईत माणूस आधी नक्षी काढतो, कारण नक्षी चटकन दिसते आणि काढली की काम झाल्यासारखं वाटतं. वेळ संपते तेव्हा तांब्याच्या गळ्यावरची वेलबुट्टी सुरेख असते आणि बुडाशी सावली नसते. सावली नसलेला तांब्या हवेत तरंगतो. म्हणून चित्रकलेचे शिक्षक सांगतात, डोळे किलकिले करून बघा. तसं बघितलं की तपशील पुसले जातात, उजेड-अंधाराचे मोठे आकार उरतात, आणि वस्तू कशावर टेकली आहे ते कळतं. कमी वेळात नीट बघायचं तर आधी थोडंच बघावं लागतं.

आता एक जुना खटला. 1877 साली इंग्लंडमधला नामवंत समीक्षक जॉन रस्किन याने व्हिसलर या चित्रकाराच्या चित्रावर जहरी टीका केली. व्हिसलरने त्याला कोर्टात खेचलं. 1878 च्या सुनावणीत त्याला विचारलं गेलं की चित्राला किती वेळ लागला. साधारण दोन दिवस, असं त्याने सांगितलं. मग दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता? त्यावर त्याच्या उत्तराचा आशय असा होता की पैसे त्या दोन दिवसांचे नाहीत, आयुष्यभर जे कमावलं त्या जाणकारीचे आहेत. खटला तो जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे तिथलं सगळ्यात हलकं नाणं.

व्हिसलरचं उत्तर मला पटतं, पण अर्धंच. सरावलेला हात लवकर चालतो हे खरं. मात्र सरावलेल्या हाताला एक खोडही लागते. तो समोरचा तांब्या सोडून आपल्याला पाठ असलेला तांब्या काढू लागतो. उजवीकडून उजेड, डावीकडे सावली, पोटावर चकाकी, झालं. या तांब्याला डाव्या अंगाला पोचा आहे, हे त्याला दिसतच नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला जॉर्जो मोरांदी. इटलीतल्या बोलोन्या शहरात हा चित्रकार 1964 साली वारेपर्यंत, कित्येक दशकं, त्याच त्या बाटल्या, बरण्या आणि डबे मांडून रंगवत राहिला. एका बाटलीला एवढं आयुष्य देऊनही तिचं बघणं संपलं नाही. म्हणजे वीस मिनिटं अपुरी आणि तीन तास पुरेसे, असं काही नसतं. सगळीच चित्रं अपुरी असतात. प्रश्न उरतो तो अपुरेपणाशी आपण कसं वागतो याचा.

ओपीडीत माझ्यासमोर सकाळच्या चार तासांत शंभरावर केसपेपर येतात. भागाकार केला तर माणशी दोन-अडीच मिनिटं. एक आजी आल्या. साखर वाढलेली. नियमाने गोळी वाढवायची. ही झाली नक्षी. मी विचारलं, "आजी, इथवर कशा आलात?"

"शेजारच्या पोराच्या गाडीवर. त्याला येळ असंल तवाच येती. म्हून गोळ्या पुरवून खाती मी."

दोनऐवजी एकच. गोळी वाढवायची गरजच नव्हती, जास्त दिवसांच्या द्यायची होती. त्या एका प्रश्नाला अर्धं मिनिटही लागलं नाही. बुडाशी सावली आली आणि आजी जमिनीवर टेकल्या.

इथेच थांबले असते, तर छान झालं असतं. मर्यादा माणसाला शहाणं करते, असं वाक्य रीलवर टाकता आलं असतं. पण ते वाक्य बहुधा स्वतःचा टायमर स्वतः लावणाऱ्यांचं असतं. माझं चित्र फसलं तर तांब्याचं काही बिघडत नाही. तो उद्याही तिथेच असतो. आजींनी टायमर लावलेला नाही. मीही लावलेला नाही. तो लागतो रिकाम्या पदांमुळे, लांबच्या गावांमुळे, बाहेरच्या रांगेमुळे. कमी वेळात चांगलं बघता येणं हे कौशल्य आहे. माणसाला कमी वेळ देणं मात्र त्या कौशल्यामुळे योग्य ठरत नाही. उलट एक अडचण होते. मी जितकं भरभर निभावून नेईन, तितकं वरच्यांना वाटेल की दुसऱ्या डॉक्टरची गरज नाही. "मॅडम पटापट बघतात" हे कौतुक मला म्हणूनच बोचतं.

मग काय, मुद्दाम संथ व्हायचं? त्याची किंमत रांगेतला शेवटचा माणूस मोजेल. ते मला मान्य नाही.

मला सापडलेलं उत्तर छोटं आहे, आणि ते जलरंगातच सापडलं. जे बघता आलं नाही ते अंदाजाने रंगवायचं नाही. ती जागा कोरी सोडायची, आणि ती कोरी आहे हे दिसू द्यायचं. आजींच्या केसपेपरवर मी लिहिलं : 'पाय आणि डोळे तपासायचे राहिले.' असे किती केसपेपर झाले, ते महिनाअखेरीच्या अहवालात आकड्यात लिहिते. त्याने पद भरलं जाईल याची खात्री नाही. पण 'सर्व तपासणी केली' असा शिक्का मारला, तर ते पद रिकामं आहे हे कागदावर कुठेच दिसणार नाही.

वीस मिनिटांत तांब्याला पुरता न्याय देता येत नाही. दोन मिनिटांत माणसाला तर नाहीच. दिला, असं खोटं न सांगणं मात्र दोन मिनिटांतही जमतं.