कोणत्या भूमीचे ऋण?

सन 2025 च्या नोव्हेंबरात एके सकाळी वर्तमानपत्र चाळीत असता क्रीडाविषयक पानावरील एका बातमीवर आमची दृष्टी खिळून राहिली. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी जन्मलेला व तेथेच वाढलेला रायन विल्यम्स नावाचा 32 वर्षांचा फुटबॉल खेळाडू आपले जन्मजात नागरिकत्व सोडून भारताचा नागरिक झाला होता. त्याच्या मातेचे घराणे मुंबईचे, अँग्लो-इंडियन. मातामह लिंकन ग्रोस्टेट हे 1950 नंतरच्या दशकात संतोष करंडकाच्या सामन्यांत मुंबईकडून खेळलेले. विल्यम्सने तरुणपणी इंग्लंडात पोर्ट्स्मथ, फुलहॅम अशा नामांकित संघांकडून पैसे घेऊन खेळ केला, 2019 साली दक्षिण कोरियाविरुद्धच्या एका मैत्रीच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाचा अंगरखाही घातला, आणि 2023 पासून तो बंगळूरच्या संघात होता. तेथेच सुनील छेत्रीच्या हस्ते त्यास भारताचा पासपोर्ट देण्यात आला.

चहाच्या वेळी ही बातमी आम्ही मोठ्याने वाचून दाखविली आणि वर 'ह्यास म्हणतात त्याग!' अशी पुस्तीही जोडली. आमच्या कुटुंबाने पेला खाली ठेवला व अगदी शांतपणे विचारले, "मग आपल्या पुतण्याने इकडचा पासपोर्ट सोडला, तेव्हा पेढे कशाचे वाटले होते?"

आम्ही रत्नागिरीस तत्त्वज्ञान शिकवितो. मुलांना नीतिशास्त्र समजावून सांगण्यात तीस वर्षे होत आली. तथापि त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा, काहीसा उशिरा केलेला, प्रयत्न आहे.

पेढ्यांची हकीकत अशी. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा अभियंता होऊन मेलबर्नला गेला. 2022 साली त्याने तेथील नागरिकत्वाची शपथ घेतली. हातात लहानसा झेंडा धरलेले त्याचे छायाचित्र आले, आणि बंधूंनी मारुती मंदिराजवळच्या दुकानातून पेढे आणवून सगळ्या आळीत वाटले. वाटणाऱ्यांत आम्हीही होतो. आपला 1955 चा नागरिकत्वाचा कायदा दोन देशांचे नागरिकत्व एकाच वेळी मानीत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपले. म्हणजे ज्या संध्याकाळी आम्ही पेढे वाटीत होतो, त्या संध्याकाळी आमच्या घरातील एक मनुष्य कायद्याच्या दृष्टीने परका झालेला होता. हे घरात कोणी बोलले नाही. वाईट वाटून घेण्याचा तो प्रसंगही नव्हता, असे आम्हांस आजही वाटते. परंतु मग पर्थमधील विल्यम्सच्या शेजाऱ्यांनी पेढे वाटावेत की तोंड फिरवावे? एकच कृत्य आपल्याकडे येताना त्याग ठरते आणि आपल्याकडून जाताना प्रगती ठरते. तराजू एक आणि वजने दोन, असा हा व्यवहार झाला.

कोणी म्हणेल, विल्यम्सचे उदाहरण नवे आहे, त्याचे माप काळच करील. म्हणून त्याच्या आधीचे एक उदाहरण घेतो. ते आपल्या पुण्याचे असल्याने त्याकडे आमचे मन अधिक ओढले जाते.

अराता इझुमी ह्याचा जन्म 1982 साली जपानातील शिमोनोसेकी येथे झाला. पिता गुजराती, माता जपानी. जन्मनाव नीलकंठ खंभोळजा. जपानात वाढलेला, तेथेच चेंडू लाथाडावयास शिकलेला हा तरुण 2006 साली कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघात आला, पुढे मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे, आणि 2009 पासून पुण्याच्या संघात. 2012 साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने जपानचे नागरिकत्व सोडले व तो भारतीय झाला. पुढल्याच वर्षी तो भारताच्या संघातून खेळला. जपानी वळणाचा मनुष्य भारताच्या फुटबॉल संघात दिसण्याचा तो पहिलाच योग होता. फुटबॉलच्या खेळाडूचे आयुष्य किती तोकडे असते हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस तिशीचा अर्थ निराळा सांगावयास नको. पुढे उणीपुरी काही वर्षे खेळ, आणि त्या काही वर्षांसाठी जन्मभराचा, किंबहुना मुलाबाळांपर्यंत पोहोचणारा, निर्णय!

येथे संशयी मनुष्य पुढे सरसावतो. हे खेळाडू धंदेवाईक, असे तो म्हणतो. ('धंदेवाईक' ह्या शब्दास आपल्या भाषेत एक नाक मुरडण्याचा सूर आहे, वैद्य, वकील व प्राध्यापक हेही धंदेवाईकच, पण त्यांस आपण 'व्यावसायिक' म्हणतो.) त्याचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. भारतातील मोठ्या स्पर्धांत एका संघाने किती परदेशी खेळाडू उतरवावेत ह्यास मर्यादा असते. परदेशी खेळाडू भारतीय नागरिक झाला की तो त्या मोजणीतून सुटतो, त्याच्या संघास एक जागा मोकळी मिळते, आणि साहजिकच त्या खेळाडूची बाजारातील किंमत वाढते. शिवाय ऑस्ट्रेलिया वा जपान ह्यांच्या राष्ट्रीय संघात जागा मिळविणे कठीण, भारताच्या संघात त्या मानाने सोपे. तेव्हा हे देशप्रेम की हिशेब?

कान्टच्या मते हेतू शुद्ध कर्तव्याचा असेल तरच कृत्यास नैतिक मोल येते. आम्ही हे वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पण महिन्याच्या एक तारखेस पगाराची वाट पाहताना आमच्या अध्यापनाचा हेतू किती शुद्ध असतो, असे कोणा विद्यार्थ्याने अद्याप विचारलेले नाही. ज्याने विचारावे असा एकही विद्यार्थी मिळाला नाही, ह्याचे आम्हांस थोडे दुःखही आहे. माणसाचे हेतू पंचभेळीसारखे मिसळलेलेच असतात. मातामहाच्या आठवणी, आईच्या बोलण्यातली मुंबई, पगाराचा करार, म्हातारपणाची चिंता, आणि राष्ट्रगीताच्या वेळी ओळीत उभे राहण्याची हौस ह्यांतून एकच धागा निवडून 'हाच खरा' असे सांगणे त्या मनुष्यासही जमणार नाही, मग आपणांस कोठून जमावे? इझुमीपुरते इतके निश्चित सांगता येते की, खेळणे थांबविल्यावर त्याचा बाजारभाव संपला तरी तो येथून गेला नाही. नव्या मुंबईत कोवळ्या वयाच्या खेळाडूंस शिकविण्याचे काम त्याने पत्करले. पुण्याचा तो संघ मात्र 2015 नंतर मोठ्या स्पर्धेतून नाहीसा झाला.

तेव्हा हेतूंचा उकिरडा उकरणे सोडून मूळ प्रश्नाकडे वळू. परदेशी वाढलेल्या मनुष्यावर कोणत्या भूमीचे ऋण अधिक? आपल्या शास्त्रकारांनी देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. विल्यम्सचे पितृऋण, निदान आईकडून, मुंबईचे. आणि ज्यांनी त्यास खेळ शिकविला त्यांचे ऋषिऋण पर्थचे व इंग्लंडचे. गंमत अशी की राज्याचे ऋण ह्या यादीत नाहीच. ते ग्रीकांकडे आहे. प्लेटोच्या 'क्रिटो' ह्या संवादात कैदेतील सॉक्रेटिसापुढे अथेन्सचे कायदे मूर्तिमंत उभे राहून म्हणतात की, आम्ही तुला जन्मास घातले, वाढविले, शिकविले, आता आम्हांस टाकून कोठे चाललास? हा उतारा शिकविताना मुलांचे डोळे पाणावलेले आम्ही पाहिले आहेत. परंतु त्याच भाषणात कायदे असेही म्हणतात की, ज्यास आम्ही आवडत नसू त्याने आपली चीजवस्तू घेऊन वाटेल तेथे जावे, आमची आडकाठी नाही. हे दुसरे वाक्य मुले लिहून घेत नाहीत. परीक्षेत ते कोणी विचारीत नाही हे त्याचे कारण असावे.

रत्नागिरीकरास तर ह्या प्रश्नासाठी ग्रीसपर्यंत जाण्याचे कारणच नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा ह्यास इंग्रजांनी 1886 साली येथे आणून ठेविले. समुद्राकडे तोंड केलेला त्याचा राजवाडा आम्ही रोज फिरावयास जाताना पाहतो. 1916 साली तो येथेच वारला, आणि 1919 साली राणी व कुटुंबीय ब्रह्मदेशी परतले. परंतु त्याच्या वडील कन्येचा जीव रत्नागिरीत गुंतला होता. ती पुन्हा येथे आली. तिची मुलगी टुटू ही तर रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, पवारांच्या घरात नांदली, आणि म्हातारी होऊन येथल्याच मातीत मिसळली. रक्ताने पाहावे तर मंडालेच्या सिंहासनाची नात, आणि संसाराने पाहावे तर गावातली एक कष्टाळू आजीबाई. तिने कोणत्या भूमीशी बेइमानी केली? रक्ताचा निकाल एक आणि पोसल्याचा निकाल दुसरा, हे आमच्या गावाने डोळ्यांनी पाहिले आहे. आणि दोन्ही निकाल खोटे नव्हते.

आता ह्या खटल्यातील एका पक्षकाराचा जबाब कोणी घेतच नाही, तो म्हणजे घेणारी भूमी. मनुष्याने भूमीचे काय फेडावे ह्यावर ग्रंथ झाले; एका भूमीने दुसरीचे काय फेडावे ह्यावर अवाक्षर नाही. विल्यम्सला पर्थने मैदान दिले, शिक्षक दिले, इंग्लंडने स्पर्धेची धार दिली. तयार झालेले पीक आपल्या खळ्यात आले. आमच्या पुतण्यास सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात करदात्यांच्या पैशाने शिकविले ते आपण. त्याच्या पुलांवरून गाड्या जातात त्या मेलबर्नच्या. फेडाफेड झालीच म्हणावयाची! परंतु न पेरता कापणी करणाराने निदान बांधावर उभे राहून त्यागाची व्याख्याने देऊ नयेत, इतके तरी खरे.

आणि तो त्याग मागण्याची आवश्यकता कितपत? सन 2008 पासून आपल्या सरकारचे धोरण असे की, भारताच्या संघातून खेळावयाचे तर भारतीय पासपोर्टच हवा. परदेशस्थ भारतीयांस मिळणारे ओसीआय कार्ड त्यास चालत नाही. देशाचे प्रतिनिधित्व करणाराने अर्ध्या मनाने करू नये, हा त्यामागील विचार आम्ही हलका लेखीत नाही. परंतु मोरोक्कोचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. 2022 च्या विश्वचषक स्पर्धेत त्या देशाच्या 26 खेळाडूंपैकी 14 परदेशांत जन्मलेले होते. माद्रिद शहरी जन्मलेला अश्रफ हकीमी हा त्यांतलाच. मोरोक्कोने त्यांस जन्मभूमी सोडावयास लावले नाही, आणि त्याच संघाने उपांत्य फेरी गाठली; आफ्रिका खंडातून तेथवर पोहोचणारा तो पहिला देश. त्या पोरांच्या खेळात अर्धे मन कोठे दिसले? शिवाय एकदा एका देशाकडून पुरेसे अधिकृत सामने खेळल्यावर दुसऱ्याकडून खेळता येत नाही, असा निर्बंध जागतिक फुटबॉल संघटनेने घातलेलाच आहे. मैदानावरची निष्ठा मैदानाच्या नियमाने बांधली जाते. तिच्यासाठी घराचा दरवाजा कायमचा बंद करवून घेणे हे आम्हांस जरूरीपेक्षा अधिक वाटते. विल्यम्सने तो बंद केला, आणि त्याच महिन्यात बांगलादेशाविरुद्धच्या सामन्यासाठी संघाबरोबर ढाक्यास गेला. पण लागणारे संमतिपत्र वेळेत न आल्याने त्यास बाहेरच बसावे लागले. एक घर सुटलेले आणि दुसऱ्याचे दार अद्याप किलकिले, अशा त्या बाकावर तो काय विचार करीत असेल, हे आम्ही पुष्कळदा मनात आणून पाहिले.

पुष्कळदा मनात आणण्याचे कारण खाजगी आहे. 2024 च्या मे महिन्यात पुतण्या सहकुटुंब आला होता. त्याचा मुलगा तेरा वर्षांचा. तिकडे एका क्लबात फुटबॉल खेळतो. आपल्याकडे ह्या खेळाचे वेड कोल्हापूरच्या पेठांत. रत्नागिरीत क्रिकेट आणि कबड्डी. तरी भाट्याच्या वाळूत त्याने चार पोरे जमविली, आणि रोज संध्याकाळी गुडघे सोलून घेऊन तो घरी येई. एके रात्री ओटीवर आमच्या शेजारी बसून, आंब्याची कोय चोखीत, त्याने आपल्या मोडक्या मराठीत विचारले, "आजोबा, मी खूप चांगला झालो तर मी इंडियाकडून खेळू शकतो?"

आम्ही म्हणालो, "का नाही? तू आमचाच."

आम्ही खोटे बोललो. त्या वेळी नियम ठाऊक नव्हता, ही सबब पुरेशी नाही; 'आमचाच' हा शब्द किती स्वस्त आहे हे ठाऊक नव्हते. त्याच्याजवळ ओसीआय कार्ड आहे. त्याच्या बळावर तो येथे जन्मभर राहू शकेल. आमच्या बंधूंची हापूसची बागही उद्या त्यास वारशाने मिळू शकेल. भारताचा निळा अंगरखा मात्र मिळणार नाही. तो हवा असेल तर ज्या गावात तो जन्मला, जेथे त्याचे सवंगडी आहेत, जेथे त्याचे आईबाप राहतात, तेथला तो परका व्हावा लागेल. हे त्यास मागावे काय? बंधू म्हणतात, मागावे. देश म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. पेढे वाटणारे तेच होते, हे आम्ही त्यांस आठवून दिले नाही. वडील भावास इतके स्पष्ट बोलण्याची आमच्या घरी रीत नाही. आमचे स्वतःचे मत असे की, मागू नये; त्याने आपण होऊन दिले तर घ्यावे, आणि त्याबद्दल त्याच्या गावाचे आभार मानावेत.

गेल्या आठवड्यात फोनवर तो म्हणाला की, त्याच्या क्लबाने त्यास वरच्या वयाच्या संघात घेतले आहे. बचावफळीत डाव्या बाजूस खेळवितात. मग जरा थांबून त्याने भाट्याच्या त्या चार पोरांची चौकशी केली. त्यांतला एक मुंबईस गेला, दोघे दहावीस आहेत, चौथ्याचे आम्हांस ठाऊक नव्हते. उद्या भाट्यास जाऊन विचारून येतो, असे आम्ही त्यास सांगितले आहे.