साधर्म्य म्हणजे अभेद नव्हे

शिराळ्याला नागपंचमीच्या गर्दीत चुंबकाची कडी विकणारा इसम ‘पृथ्वीची ओढ म्हणजे तिचे चुंबकत्वच’ असे बेधडक सांगतो, ते मनावर घेण्याचे कारण नाही. परंतु तेच विधान, गुरुत्व आणि विद्युत्-चुंबकत्व एकच या रूपात, व्याख्यानपीठावरून फॅरेडे, आइन्स्टाइन आणि आपले जयंत नारळीकर यांच्या हवाल्याने केले जाते, तेव्हा मात्र त्या हवाल्यांचे दप्तर उघडून पाहणे प्राप्त होते. त्या दप्तरात सिद्धीपेक्षा प्रामाणिक असिद्धीचे दाखलेच अधिक आहेत, आणि या विचाराची खरी प्रतिष्ठा, माझ्या मते, त्यांतच आहे.

न्यूटनचे गुरुत्व आणि कूलोंबचे विद्युत्‌बल ही दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतात, एवढ्या साधर्म्यावरून तर्काला वाट मिळाली. फॅरेडेने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभागृहात उंचावरून तारेची वेटोळी खाली सोडली, पडताना त्यांत प्रवाह उपजतो का हे गॅल्व्हानोमीटरवर पाहिले, आणि उत्तर नकारार्थी आल्याचे १८५० साली जाहीर करून टाकले. मॅक्सवेलने १८६५ मध्ये गुरुत्वालाही क्षेत्राची कल्पना लावून पाहिली. पण सजातीय वस्तू जेथे परस्परांना ओढतात तेथे क्षेत्राची ऊर्जा ऋण निघते, हे दिसताच त्याने विषय तहकूब केला. या दोहोंच्या ऐक्यासाठी कालुझाने सुचवलेली पाचवी मिती आणि आइन्स्टाइनने अखेरपर्यंत केलेली खटपट सर्वश्रुत आहेत.

घोटाळा होतो तो १९६४ सालाविषयी. शिराळ्याहून वारणा नदीपलीकडे कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्यासमवेत गुरुत्वाचा नवा सिद्धान्त मांडला, त्यात कोणी आइन्स्टाइनचा पराभव वाचला, तर कोणी विद्युत् आणि गुरुत्व यांचे ऐक्य. दोन्ही वाचने चुकीची. मधल्या क्षेत्राला स्वतंत्र अस्तित्व न देता विद्युत्‌भारित कण परस्परांशी थेट व्यवहार करतात असे मानले, तर उर्वरित विश्वालाही त्या व्यवहारात पक्षकार करून घ्यावे लागते, हे व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये दाखवले होते. हॉईल-नारळीकरांनी विद्युत्‌शास्त्रातून उचलली ती ही विचारपद्धती. ते बल नव्हे. कणाचे वस्तुमान ही त्याची खाजगी मिळकत नसून विश्वातील अन्य सर्व कणांनी घातलेल्या भरीची बेरीज आहे, आणि म्हणून एकाकी कणाला वस्तुमानच उरत नाही, हा भौतिकशास्त्रज्ञ माख याच्या विचारातून निघणारा निष्कर्ष त्यांनी गणितात उतरवला. आणि कणांची संख्या विपुल असता त्यांची समीकरणे आइन्स्टाइनच्याच समीकरणांशी येऊन मिळतात. मग हा पराभव कोणाचा? उलट, प्रसरण पावणाऱ्या विश्वात ती बेरीज अनंत होते, असा आक्षेप हॉईल-नारळीकरांच्याच केंब्रिजमधल्या तरुण स्टीफन हॉकिंगने १९६५ मध्ये छापून घेतला, आणि त्याला उत्तर द्यायचे तर तेही गणितानेच देणे भाग होते.

सिद्धान्त आणि बतावणी यांची हद्द येथेच लागते. या बलांचे मूळ एक असावे असे मानण्यास कोणाची हरकत नाही. नकारानंतरही फॅरेडेने ती श्रद्धा सोडली नव्हती. परंतु आपले म्हणणे कोणत्या प्रयोगाने वा कोणत्या बेरजेने कोसळेल, हे जो सांगत नाही, त्याला फॅरेडेचा वा नारळीकरांचा हवाला देण्याचा अधिकार पोचत नाही.