परक्या जमिनीवरचे खळे

भाड्याच्या घराबरोबर गाडीसाठी पत्र्याची शेड मिळते. तिच्यातला कोबा जागोजागी उखडलेला, आधीच्या भाडेकरूच्या ऑइलचे डाग तसेच, पावसाळ्यात खालून ओल. आणि करार अकरा महिन्यांचा. या जमिनीवर काही अंथरावे का, हा वरवर खर्चाचा प्रश्न आहे. पण जे आपले नाही आणि आपल्याकडे राहणारही नाही, त्याची निगा किती राखायची, हा धर्माचा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे. आपल्याकडे कीर्तनातून याचे एक उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते: देहच भाड्याचे घर, मग त्या घराच्या फरशीचे काय घेऊन बसलात? मला ते अपुरे वाटते. नाशिवंत गोष्टीत जीव अडकवू नये हे मान्य. म्हणून तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये, असे त्यातून निघत नाही.

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्यासारखी जी भाताची गावे आहेत, त्यांच्या जुन्या शेतीतच याचा पुरावा आहे, तो म्हणजे खळे. कापणी झाली की शेताचा एक तुकडा निवडायचा, धसकटे खणून काढायची, पाणी शिंपडून जमीन चोपण्याने बडवायची आणि शेणकाल्याने सारवायची. ती सुकली की तिच्यावर भाताची झोडणी. सुगी उरकली की खळे तसेच सोडून द्यायचे. पुढे नांगर फिरला की ते पुन्हा शेत. वर्षातून काही आठवडे टिकणारी ही जमीन, पण तिला तडा गेला तर तेवढी जागा परत सारवून घ्यायची, कारण भेगेत गेलेला दाणा ना मालकाच्या घरी जातो ना कुळाच्या. आणि हे कष्ट स्वतःच्या मालकीच्या रानातच होत असे नाही. कुळानेही परक्याच्या जमिनीवर खळे तसेच चोपले. जमीन किती दिवस आपली आहे यापेक्षा आज तिच्यावर काय पडणार आहे, यावर निगेचे माप ठरत होते. अनासक्तीची याहून चोख व्याख्या मला ग्रंथांत सहज सापडत नाही.

गाडगेबाबांचे आयुष्य हेच सांगते. १८७६ ते १९५६ या आयुष्यात त्यांनी नावावर घर ठेवले नाही. ज्या गावात रात्री कीर्तन, त्या गावाचे रस्ते आधी स्वतःच्या खराट्याने झाडायचे. दुसऱ्या दिवशी गाव सोडायचे. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे वाटसरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यांवर स्वतःचा हक्क सांगितला नाही. संसार क्षणभंगुर मानणाऱ्या माणसाने हातात खराटा का धरला? परकी जागा झाडणे त्यांना आसक्ती वाटली नाही, कारण झाडल्याने जागा आपली होते असे त्यांनी कधी धरलेच नव्हते.

यावर सर्वांत जड आक्षेप न्यायाचा आहे. भाडेकरूने निगा राखायची आणि मालकाने भाडे वसूल करायचे, हा उपदेश कुणाच्या सोयीचा? आक्षेप खरा आहे आणि त्याला मुंबई प्रांतातल्या कुळांचा इतिहास साक्षी आहे. परक्या जमिनीत पिढ्या राबल्या, तरी कुळाला केव्हाही हुसकावता येत असे. म्हणूनच १९४८चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारा मालक ठरण्याची वाट खुली झाली. तेव्हा कुळाला विरक्ती शिकवणे हा अधर्मच झाला असता. पण याचा अर्थ एवढाच की कष्टाचा मोबदला आणि राहण्याची शाश्वती मागायलाच हवी. शेड मिळाली तेव्हा नादुरुस्त असेल तर तिची दुरुस्ती मालकाकडूनच करून घ्यावी. राहता राहतो आपल्या वापराने पडणारा डाग. तो मालकाच्या नव्हे, पुढे तिथे राहणाऱ्याच्या वाट्याला येतो, आणि त्याने आपले काहीच बिघडवलेले नसते.

उलट बाजूने कुणी म्हणेल, मग पक्की फरशीच घालून द्या, दान होईल. न विचारता केलेले असे दान दुसऱ्याच्या जागेवर आपली मर्जी लादते. सिमेंटात बसवलेली फरशी फोडूनच काढावी लागते. इपॉक्सीचा थर घासूनच निघतो. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ने, करारात वेगळे ठरले नसेल तर, भाडेकरूला आपण बसवलेले काढून नेण्याची मुभा दिली. अट अशी की जागा मिळाली तशी परत करावी. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची कायदेशीर जात वेगळी असली, तरी नीती हीच लागू व्हावी. म्हणून राजगडाच्या पायथ्याशी पडणाऱ्या पावसात अखंड रबरी मॅट मला पटत नाही: तिच्याखाली पाणी कोंडते, आणि काही रबराचा काळा डाग कोब्यावर कायमचा बसतो. त्यापेक्षा एकमेकींत अडकणाऱ्या जाळीदार प्लास्टिकच्या फरश्या किंवा नुसत्या वाळूवर मांडलेली शहाबादी बरी. मात्र जाळीतून ऑइलही खाली झिरपते, तेव्हा इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे हवाच. आणि पावसाळा सरला की चार फरश्या उचलून खालचा कोबा पाहून घ्यावा.