पाच नऊ नऊ

महाभारतकारांनी पाच ठिकाणी खोटं बोलायला परवानगी देऊन ठेवली आहे. थट्टेत, स्त्रियांशी बोलताना, लग्नाच्या वेळी, जिवावर बेतलं असता आणि सर्वस्व जायची पाळी आली असता. (दुसऱ्या आणि तिसऱ्या सवलतीचा लाभ घेतला की चौथी-पाचवी आपोआपच लागते, हे व्यासांच्या ध्यानात आलं असावं.) या यादीत सहाव्या ठिकाणाची भर घालावी की काय, या विचारात मी हल्ली आहे. ते ठिकाण म्हणजे आमच्या मामांच्या माळ्यावरचं वायरलेस.

मामा हॅम आहेत. म्हणजे हौशी रेडिओवाले. लग्नानंतर मामींना कुणीतरी "तुमचे यजमान हॅम आहेत बरं का" असं कौतुकानं सांगितलं. मामींनी डिक्शनरीत तो शब्द पाहिला, त्याचा अर्थ डुकराचं मांस असा निघाला, आणि त्या चार दिवस माहेरी जाऊन राहिल्या, असं मामा सांगतात. मामींच्या म्हणण्याप्रमाणे त्या मंगळागौरीसाठी गेल्या होत्या. काही असो, मामांनी १९७६ साली सरकारची परीक्षा दिली, मिनिटाला बारा शब्दांच्या वेगानं मोर्स घेऊन आणि देऊन दाखवलं, आणि तेव्हापासून सदाशिव पेठेतल्या त्या माळ्यावरून त्यांचं 'डिट डा डिट' चालू आहे.

मोर्सची हकिगत तुम्हाला माहीतच आहे. २४ मे १८४४ रोजी मोर्ससाहेबांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला ती सुप्रसिद्ध तार ठोकली. पुढं दीडशे वर्षं जगातल्या बऱ्या-वाईट बातम्या टिंब आणि रेघ या दोन खुणांवर चालल्या. १९९९ साली जहाजांनी मोर्सला रजा दिली. २००३ साली जिनिव्हाच्या परिषदेत ठरलं, की हौशी लोकांनाही मोर्सची सक्ती नको. ज्यानं त्यानं आपल्या देशापुरतं पाहावं. २०१३च्या जुलैत आपल्याकडची तारही बंद झाली. थोडक्यात, मोर्सचं आता कुणाचं काही अडत नाही. आणि ज्यावाचून कुणाचं काही अडत नाही, ते प्राण पणाला लावून करणारी माणसं पुण्यात कधी कमी पडलेली नाहीत.

आता सहाव्या खोट्याकडे येतो. दोन हॅम हवेत भेटले, की पहिल्याप्रथम एकमेकांना मार्क देतात. तीन आकडे. पहिला, तुमचं बोलणं किती समजतं त्याचा, पाचपैकी. दुसरा, आवाज किती जोरकस येतो त्याचा, नऊपैकी. तिसरा, सूर किती शुद्ध आहे त्याचा, तोही नऊपैकी. ही पद्धत १९३४ सालची. तेव्हाचे ट्रान्समीटर घरगुती असत आणि त्यांचा सूर पिठाच्या गिरणीपासून सनईपर्यंत कसाही लागे. पाच नऊ नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. म्हणजे तुम्ही बोलताय ते शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं स्वच्छ ऐकू येतंय.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी जगभरच्या मोर्सवाल्यांची एक अठ्ठेचाळीस तासांची स्पर्धा असते. (मामी तिला 'अखंड हरिनाम' म्हणतात.) एकदा त्या रात्री मी मामांच्या शेजारी कान देऊन बसलो होतो. डिट-डा इतपत मलाही येतं. ब्राझीलमधला कुणीतरी हाक मारत होता. त्याचा आवाज म्हणजे शेजाऱ्यांच्या मच्छरदाणीत अडकलेला डास. मामांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबले, श्वास रोखला, डोळे मिटले. मग खाडकन ठोकून दिलं: पाच नऊ नऊ, बावीस. बावीस हा स्पर्धेच्या नकाशातला आपला विभाग. आणि लगेच पुढं : "नाव पुन्हा सांगा. पुन्हा. पुन्हा."

"मामा," मी म्हटलं, "ज्याचं नाव तीनदा विचारावं लागतं, त्याला पैकीच्या पैकी?"

"सगळ्यांनाच देतात."

"आणि तो तुम्हाला काय म्हणाला?"

"पाच नऊ नऊ. त्यालाही माझं नाव चारदा विचारावं लागलं."

पुढची गंमत म्हणजे हे तीन आकडेही कुणी पुरते पाठवत नाही. मोर्समध्ये नऊ म्हणजे चार रेघा, एक टिंब. एवढं ठोकायला वेळ कुणाला आहे? म्हणून नवाच्या जागी एक रेघ, एक टिंब, म्हणजे इंग्रजी 'एन'. पाच एन एन. खोटं बोलायचं, आणि तेही अर्धवट!

मी हे मामांना ऐकवलं तेव्हा ते मुळीच चिडले नाहीत. टेबलाच्या खणातून त्यांनी आजोबांचं एक जुनं पोस्टकार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं. सुरुवात होती : 'सा. न. वि. वि.' साष्टांग नमस्कार विनंती विशेष. "हे लिहिताना माझे वडील साष्टांग पडले होते असं तुला वाटतं का? त्यांना संधिवात होता. पुढं वाच." पुढं होतं, 'इकडील सर्व क्षेम आहे. तिकडील कळवावे.' आणि त्याच्या पुढच्याच ओळीत, 'विशेष. परवाच्या पावसात मागील भिंत पडली. गाय दगावली.'

"आता सांग, सर्व क्षेम कुठं आहे? पण म्हणून वडील खोटारडे?"

मला उत्तर सुचेना. कारण मामांचा मुद्दा खरा होता. ज्यानं कुणी फसतच नाही ते खोटं कसलं? रात्री नऊ वाजता उठून उभ्या राहिलेल्या पाहुण्याला आपण "आता जेवूनच जा ना" म्हणतो आणि पाहुणा "नको, घरी वाट पाहत असतील" म्हणतो. घरी कुणी वाट पाहत नसतं आणि इकडे भात उरलेला नसतो. तरी दोघंही एकमेकांना काही चांगलंच देऊन जिना उतरतात. पूर्वी तारखात्यात लग्नाच्या शुभेच्छांना ठरावीक नंबर असे. नुसता आकडा ठोकला की तिकडे आख्खं अभीष्टचिंतन उमटायचं. त्या आकड्यात प्रेम नव्हतं असं छातीठोक कोण म्हणेल?

मोर्समध्ये तर हसूसुद्धा ठोकावं लागतं. चार टिंबं, दोन टिंबं : 'एच आय', हाय हाय. मोर्समध्ये चुकून हसू फुटणं शक्य नाही. आधी हसायचं ठरवायचं, मग हसायचं. आमच्या कचेरीत साहेबांच्या विनोदाला आम्ही तेच करत होतो, पण तिथं निदान टिंबं मोजावी लागत नसत.

मामींना मात्र या शिष्टाचारात वेगळीच खोट दिसते. हॅम लोकांत पुरुष अठरा वर्षांचा असला तरी 'ओल्ड मॅन', म्हणजे 'ओ एम'. बाई ऐंशीची असली तरी 'यंग लेडी', 'वाय एल'. हा भाग मामींना मान्य आहे. पण त्याच बाईनं लग्न केलं की ती 'एक्स वाय एल', म्हणजे माजी तरुणी! "लग्न केल्यावर मी माजी झाले, आणि हे मुळातच म्हातारे," असं त्या सुनेला सांगतात. त्यांनी सूड एकदाच घेतला. गच्चीवरच्या एरियलच्या तारेवर ओलं नऊवारी वाळत घातलं. नेमका त्याच दुपारी मामांना जपानकडून पाच नऊ नऊ मिळाला. मामा खूश होऊन गच्चीवर आले आणि तारेला लोंबणारं लुगडं पाहून तिथंच थबकले.

"बघा," मामी म्हणाल्या, "माझ्या लुगड्यालासुद्धा पैकीच्या पैकी."

इथं मला वाटतं मामींनी तत्त्वज्ञानाच्या मर्मावरच बोट ठेवलं. सगळ्यांना पैकीच्या पैकी, तर ज्याची तार खरंच तुटली आहे त्याला ते कळायचं कसं? शिष्टाचारानं कुणी फसत नाही हे खरं; पण कुणी सुधारतही नाही. आणि सगळंच क्षेम लिहायची सवय लागली की एखाद दिवशी गाय दगावल्याचं लिहायचंच राहून जातं.

उलट टोकाचं उदाहरणही याच धंद्यातलं आहे. १४ एप्रिल १९१२च्या रात्री 'कॅलिफोर्नियन' जहाजाच्या तारवाल्यानं 'टायटॅनिक'ला कळवलं, की आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत. जहाज जवळ असल्यामुळं त्याचा आवाज 'टायटॅनिक'च्या तारवाल्याच्या कानात बंदुकीसारखा फुटला. तो बिचारा उतारूंच्या खासगी तारांचा ढीग किनाऱ्याला पोचवत होता. त्यानं उलट ठोकलं, "गप्प बस, मी कामात आहे." यात लबाडी औषधालाही नव्हती. तो खरोखरच कामात होता. 'कॅलिफोर्नियन'च्या तारवाल्यानं पुढं चौकशीत सांगितलं, की आमच्यात याला कुणी अपमान समजत नाही. थोड्या वेळानं, साडेअकराच्या सुमारास, त्यानं आपलं यंत्र बंद केलं आणि तो झोपला. अकरा चाळीसला 'टायटॅनिक' हिमनगावर आदळलं. सगळ्यांत जोरकस आवाज ज्याचा येत होता तोच सगळ्यांत जवळ होता, आणि तोच झोपलेला होता.

हे मी मामांना ऐकवलं, तर त्यांनी मला दुसरीच गोष्ट सांगितली. २००४च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद आणि काही हौशी मंडळी परवानगी काढून अंदमानात पोर्ट ब्लेअरला यंत्रं मांडून बसली होती. जगातल्या हॅमना अंदमानचा संपर्क मिळणं ही पर्वणी, म्हणून ही मंडळी तिथून सगळ्या जगाला मार्क वाटत होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. बेटांचे टेलिफोन गेले. मग त्याच यंत्रांवरून, त्याच माणसांनी, कोण जिवंत आहे याचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले.

"तेव्हा कुणी पैकीच्या पैकी दिले नसतील," मामा म्हणाले. "ऐकू आलं नाही तर ऐकू आलं नाही म्हणायचं. नाव चुकलं तर एका घरचं रडं दुसऱ्या घरी जायचं."

"म्हणजे केव्हा खरं बोलायचं ते माणसानं ओळखायचं."

"लेका, ते कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत, हीच तर पंचाईत आहे."

मोर्समध्ये आठ टिंबं एकापाठोपाठ ठोकली की त्याचा अर्थ 'माझी चूक झाली' असा होतो. आंतरराष्ट्रीय खूण आहे. जगातल्या इतर कुठल्या भाषेत चूक कबूल करायची इतकी सोपी सोय असेल असं वाटत नाही. आमच्या कचेरीत यासाठी तीन प्रतींत खुलासा लागे आणि त्यात चूक दुसऱ्याची निघे. आणखी एक म्हणजे मोर्समध्ये आकडा खोटा पाठवता येतो, पण हात खोटा पाठवता येत नाही. साध्या खटक्याच्या किल्लीवर ठोकणाऱ्या प्रत्येकाची एक लकब असते; कुणाची रेघ लांबते, कुणी दोन अक्षरांत उगीच थबकतो. दुसऱ्या महायुद्धात चोरून ऐकणाऱ्यांना शत्रूचा तारवाला नुसत्या हातावरून ओळखू येई. तशी मामांची डेन्मार्कमधल्या एका निवृत्त शाळामास्तरांशी पस्तीसएक वर्षांची ओळख. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. पण नाव सांगायच्या आत मामा म्हणतात, "आले मास्तर."

गेल्या काही वर्षांत मास्तरांचा हात कापू लागला आहे. कधीकाळी मिनिटाला पंचवीस शब्द ठोकणारा माणूस आठावर आला. टिंबं आवरत नाहीत. तिनाची चार होतात, चाराची पाच होतात. हसले तर 'हाय' ऐवजी पाच टिंबं आणि तीन टिंबं येतात. मग ती आठ टिंबं : चूक झाली. पुन्हा हसायला जातात, पुन्हा चूक झाली. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी मी मामांकडे होतो तेव्हा मास्तरांनी बऱ्याच खटपटीनं विचारलं, की माझा हात समजतो का? मुलगा म्हणतो, आता किल्ली ठेवून द्या, नाहीतर कॉम्प्युटरवरून पाठवा, तो चुकत नाही. तुम्ही खरं सांगा.

मी मामांकडे पाहिलं. मला त्यातलं निम्मंदेखील नीट समजलं नव्हतं. मामांनी पाठवलं : पाच सात नऊ.

"सात नऊ ठीक आहे," मी म्हटलं. "आवाज तेवढाच होता. पण समजायला पाच? प्रामाणिकपणे तीन."

"तुला तीन."

"मग?"

"मला पाच. वाचणारा कोण, ते त्या आकड्यात धरलेलंच असतं."

यावर वाद घालता आला असता. मी घातलाही असता. पण मामा किल्लीवर वाकले होते. समोरचा ज्या वेगानं पाठवतो त्याच वेगानं उत्तर द्यावं, असा मोर्सवाल्यांचा एक जुना रिवाज आहे. बाराची परीक्षा पास झालेले आणि रोज वीस-बावीसनं ठोकणारे मामा मिनिटाला सहा शब्दांवर उतरले. एक अक्षर. थांबा. दुसरं अक्षर. पहिलीतल्या मुलाला पाटीवर गिरवायला लावावं तसं.

पलीकडून मास्तर सुरू झाले. मामा कागदावर एकेक अक्षर मांडत गेले. मध्ये आठ टिंबं आली की थांबत, पेन्सिल वर धरत, पुन्हा मांडत. पाऊण तास गेला. खालून मामींनी दोनदा "अहो, पानं घेतली आहेत" म्हणून हाक दिली. तिसऱ्यांदा त्या स्वतःच जिना चढून वर आल्या आणि मामांच्या खांद्यावरून कागदात डोकावल्या.

"काय म्हणताहेत एवढं मास्तर?"

"परसातली सफरचंदं पडली म्हणताहेत."

"पाऊण तास? एवढंच?"

मामांनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

"थांब जरा. वाऱ्यानं पडली की पिकून, ते अजून यायचंय."