पाप कोणाचे?



योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात एक जन्मांध मनुष्य आहे. त्याला पाहताच शिष्यांनी प्रभूला विचारले की हे कोणाच्या पापाचे फळ, याच्या की याच्या आईवडिलांच्या? प्रभूने दोन्ही नाकारले आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवले.

तोच प्रश्न आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात अजून विचारला जातो. थॅलेसेमिया असलेल्या बाळाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्याला कडेवर घेऊन लोकल पकडणाऱ्या आईला घरचे-दारचे सगळे विचारतात, तुमच्याकडून आले की त्यांच्याकडून?

उत्तर सोपे आहे, दोघांकडून. हिमोग्लोबिन घडवणारे एक जनुक आपल्या अकराव्या गुणसूत्रावर असते, एक प्रत आईची, एक वडिलांची. एकच प्रत सदोष असेल तर मनुष्य केवळ वाहक असतो. तो आजारी नसतो. फार तर त्याला ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. नवराबायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्येक वेळी, नव्याने. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी, असा हिशेब काही घरांत ऐकायला मिळतो, तो चुकीचा आहे.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावण्यांत उतरली आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. सिंधी समाजात वाहकांचे प्रमाण जास्त आहे, म्हणून आपण हा ‘त्यांचा’ आजार समजतो. पण भारतात शंभरामागे तीन-चार जण वाहक आहेत. पंजाबी, लोहाणा, कोळी, सारस्वत यांच्यातही ते आढळतात. स्नानसंस्काराने आपण देवाची लेकरे झालो. रक्तातला वारसा मात्र पूर्वजांचाच राहिला.

त्या जन्मांधाच्या आईवडिलांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मुलगा बरा झाल्यावर त्यांना बोलावून विचारले, तेव्हा ते म्हणाले की तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. लोक वाळीत टाकतील ही त्यांची भीती होती. आपणही तेच करतो. मुलीचा रिपोर्ट कपाटात ठेवतो, कारण स्थळ मोडेल.

प्रायश्चित्तकाळात लग्ने होत नाहीत, पण ईस्टरनंतरची लग्ने याच दिवसांत ठरतात. म्हणून आमची विनंती आहे की साखरपुड्याआधी दोघांनीही एचबीए-टू ही तपासणी करून घ्यावी. थोडेसे रक्त पुरते. हे प्रमाण साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर गेले तर डॉक्टर वाहक असल्याचे सांगतात. शंका राहिली तर जनुकाची तपासणी करतात. तिच्यात दोष नेमका कोठे आहे ते दिसते. सिंधी कुटुंबांत अनेकदा जनुकाचा ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत या विषयावर अनेक वर्षे संशोधन चालले आहे.

सायप्रसमध्ये तेथील ऑर्थोडॉक्स चर्च १९८०च्या दशकापासून लग्नाआधी तपासणीचा दाखला मागते. तो दाखला लग्न अडवत नाही. दोघांना माहीत आहे एवढेच सांगतो. आपलेही म्हणणे तेवढेच आहे. दोघे वाहक असूनही लग्न करायचे ठरवले, तर ख्रिस्तसभा त्यांना अडवणार नाही. मात्र ते डोळे उघडून ठरवावे. गर्भ राहिल्यावर दहाव्या-बाराव्या आठवड्यात केलेली तपासणी बहुतेकांना गर्भपाताच्या दारात नेऊन उभे करते, आणि तेथे ख्रिस्तसभेचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. त्या दारात उभ्या असलेल्या आईला दटावणे फार सोपे आहे. तिला आधीच्या वर्षी कोणी काही सांगितले होते का, हे आपण स्वतःला विचारावे.

आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांच्या घरी जा. रक्ताबरोबर शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी त्या मुलाला रोज औषध घ्यावे लागते, शाळा बुडते, बापाचा खाडा होतो. २०१६च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे. दाखल्यासाठी रांगेत उभे राहायला सोबत हवी असते. मे महिन्यात कॉलेजे बंद असतात, रक्तदाते गावी जातात, रक्तपेढ्या कोरड्या पडतात. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन नेमका त्याच टंचाईत येतो. गावी जाण्याआधी एक बाटली देऊन जा.